एकोणचाळिसावी ओळ

जगात लबाड माणसं किती प्रकारची असतात याचा पक्का आकडा माझ्याकडे आहे. चाळीस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एजन्सीतून पूजाने जी एक्सेल शीट पाठवली, तिच्यात तेवढ्याच ओळी होत्या. डावीकडे फसव्या माणसासाठी एक इंग्रजी शब्द, मधे उदाहरण म्हणून एखाद-दुसरं वाक्य, आणि उजवीकडे रिकामा रकाना. त्या रकान्यात मी स्पॅनिश भरायचं.

मी स्नेहल. गंगापूर रोडला एकटी राहते आणि घरी बसून अनुवाद करते. नाशकात स्पॅनिश कोणाला लागतं, असं लोक विचारतात. सातपूरच्या एका कारखान्यात बाटल्या भरायचं स्पॅनिश यंत्र आलं, तेव्हा त्याचं चारशे पानी मॅन्युअल कोणी मराठीत आणलं ते त्यांना विचारा. वीस वर्षं या भाषेत घालवल्यावर मला एक खोड लागली आहे. चुकीचं स्पॅनिश दिसलं की मला राहवत नाही. हॉटेलच्या मेनूवरसुद्धा मी पेन काढते. हा माझा गुण आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

शीटबरोबर काही माहिती नव्हती. हे कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, काहीच नाही. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. मी पूजाला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, क्लायंट काही सांगत नाहीये. तुम्ही शब्दकोश समजून करा." तसं समजून मी कामाला लागले.

मजा आली, खोटं कशाला बोलू. औषधांच्या चिठ्ठ्या आणि यंत्रांचे स्क्रू करून करून मी कंटाळले होते. 'लायर'ला मेन्तिरोसो कोणीही सांगेल, पण माणूस नुसता खोटं न बोलता थापा रचत असेल तर तो एम्बुस्तेरो. जे नाही त्याचं सोंग आणतो तो फार्सान्ते, म्हणजे आपला ढोंगी. पद्धतशीर गंडा घालतो तो एस्ताफादोर, आपला भामटा. भोंदू डॉक्टरला ते मातासानोस म्हणतात, धडधाकट माणसाला मारणारा. वरून साळसूद दिसणाऱ्याला म्हणतात मेलेली माशी. मी एकटीच हसत होते.

सगुणाबाई ओट्याशी भाकरी थापता थापता विचारायच्या, "आज कोन घावला, ताई?" मी सांगायचे, आज एक तोतया सापडला, आज एक गोडबोल्या. त्या मान डोलवून म्हणायच्या, "असला आमच्या पाड्यात बी एक हाय." आणि त्याचं नावगाव सांगायच्या.

सगुणाबाई पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या. माझ्याकडे सहा वर्षं स्वयंपाकाला होत्या. त्याआधी पंधरा हंगाम त्या निफाडच्या बागांत द्राक्षाच्या छाटणीला जायच्या. एकुलत्या एका मुलीला, हर्षालीला, त्यांनी नर्सिंगचा कोर्स करायला लावला. हर्षाली तेवीस वर्षांची, एका खासगी दवाखान्यात नोकरी करणारी, हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी. सप्टेंबरच्या पाच तारखेला ती स्पेनला जाणार होती, एका म्हातारीची काळजी घ्यायला. ड्यूटी संपली की दुपारी माझ्याकडे येऊन ती तासभर स्पॅनिश शिकायची.

हे काम आणलं होतं रावजी मुकादमाने. हाच रावजी पूर्वी त्यांच्या पाड्यावरची मजुरांची टोळी निफाडला न्यायचा. आता तो मुंबईच्या कोणा साहेबासाठी परदेशात कामाला जाणाऱ्या मुली शोधत होता. जूनमध्ये हर्षालीने मला त्या म्हातारीच्या घरच्यांचं पत्र आणून दाखवलं. "ताई, एवढं वाचून सांगा ना, खरं आहे का?"

पत्र स्पॅनिशमध्ये होतं. दोन्या पिलार, म्हणजे पिलारबाई, वय एक्क्याऐंशी, चालता येत नाही, स्वभावाने प्रेमळ. गॅलरीत पिंजरा आहे, त्यात एक पिवळा पक्षी आहे, संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड टाकायचं. मुलीला घरच्यासारखं वागवू. पत्र गोड होतं आणि चुकांनी भरलेलं होतं. बायकांना पुरुषांची विशेषणं, क्रियापदं भलतीकडे. स्पेनमधल्या माणसाला स्वतःच्या भाषेत एवढ्या चुका कशा करता येतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मला फक्त चुका दिसल्या. मी लाल पेन घेतलं, अर्ध्या तासात पत्र चोख केलं, वर नव्याने टाइप करून त्याची प्रिंट काढून दिली.

"म्हणजे बरोबर आहे ना?" हर्षालीने विचारलं.

"आता बरोबर आहे," मी म्हणाले.

मायलेकी खूश होऊन गेल्या. दोन दिवसांनी रावजीचा मला फोन आला. सुधारलेलं पत्र त्याने साहेबांना पाठवलं होतं; त्याने साहेबांच्या वतीने आभार मानले आणि मी फुशारून गेले.

तर ऑगस्टमध्ये मी शीट करत होते. चौदावा शब्द थापाड्यासाठी होता आणि त्याचं उदाहरण होतं, 'म्हातारी नव्हती. पक्षीही नव्हता.' एवढंच. किती कमी शब्दांत किती सांगितलं आहे, असं मला वाटलं. हे लिहिणाऱ्याला भाषा कळते, असंही वाटलं. मी त्याचं तितकंच आटोपशीर स्पॅनिश केलं आणि पुढे गेले. पुढे मी एकोणचाळिसाव्या ओळीवर अडकले. इंग्रजी शब्द होता 'शिल'. जादूगाराच्या गर्दीत आधीच पेरलेला माणूस, जो पहिला पुढे येऊन म्हणतो की मी घेतलंय, चांगलं आहे. त्याच्यामुळे बाकीचे फसतात. त्याच्यापुढे उदाहरणच नव्हतं, फक्त 'नंतर येईल' अशी टीप होती. मी गांचो हा शब्द काढला, पण तो पक्का करायचं उदाहरण येईपर्यंत लांबणीवर टाकलं.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हर्षाली नेहमीसारखी आली. वही उघडून म्हणाली, "ताई, पाठ केलंय, ऐका." आणि तिने स्पॅनिशमध्ये म्हटलं, "संध्याकाळी मी पिंजऱ्यावर कापड टाकते."

मी तिचा एक उच्चार सुधारला. तिने पुन्हा म्हटलं. आणि तेव्हा मला शीटमधली चौदावी ओळ आठवली.

तिला शब्द लिहायला बसवून मी आतल्या खोलीत गेले आणि शीट पहिल्यापासून वाचली. महिनाभर मी ती वाचली नव्हतीच, नुसती भाषांतरित केली होती. 'तो म्हणाला, तू मला बहिणीसारखी आहेस.' 'विमानतळावर आलेल्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, म्हणाला, हरवायला नकोत.' 'खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती.' 'तिसऱ्या दिवशी माझं सिमकार्ड घेतलं.' 'म्हातारी नव्हती. पक्षीही नव्हता.'

मी पूजाला फोन लावला. ती आधी नाही म्हणाली, मग आवाज उतरवून बोलली. "ताई, ते जबाब आहेत. माद्रिदमध्ये एक संस्था आहे, घरकामाच्या नावाने नेऊन अडकवलेल्या बायकांना सोडवते. बायका सांगतात ते इंग्रजीत लिहून घेतात. फसवणाऱ्यांचे प्रकार ओळखता यावेत म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांसाठी त्याची पुस्तिका करताहेत. कोणाला दाखवू नका हं, तुम्ही गुप्ततेच्या कागदावर सही केलीय." मी तिला हर्षालीचं सांगितलं. तिने मला त्या संस्थेचा मदतीचा फोन नंबर दिला.

सगुणाबाई आणि हर्षाली, दोघींना मी समोर बसवलं. पत्र खोटं असावं, म्हणाले. असंच पत्र घेऊन दुसरी एक बाई गेली होती, तिथे म्हातारी नव्हती.

"कोन बाई?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नाव माहीत नाही. एका कामात वाचलं."

शीट त्याच क्षणी त्यांच्यासमोर ठेवून हर्षालीला ओळ न् ओळ वाचायला लावली असती तर कदाचित पुढचं टळलं असतं. तिला इंग्रजी वाचता येत होतं. पण मी सही केली होती आणि वीस वर्षांत मी एकदाही सही मोडली नव्हती. त्या प्रामाणिकपणाची मला आज शिसारी येते.

"निदान एक करा," मी म्हणाले. "पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. जो कागद मागेल तो माणूस खोटा."

सगुणाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, तुमाला शहरात नाय कळायचं. पंधरा वरीस आमी रावजीसंगं निफाडला गेलो. गाडीत बसायच्या आदी समद्यांची कागदं त्याच्या पिशवीत. आधार, रेशन, पोरांचे दाखले. एक वर्सी बागंवर आमच्या खोपटांना आग लागली. भांडी गेली, धडुती गेली, कागद एक नाय गेला. पिशवी गळ्यात घालून झोपायचा तो. जो मुकादम कागदं मागत नाय, त्याच्यासंगं आमच्या पाड्यातलं कोनी गाडीत बसत नाय. त्याला आमची काळजीच नाय, असं धरतो आमी."

ज्या खुणेवरून मी चोर ओळखत होते, त्याच खुणेवरून त्या सज्जन माणूस ओळखत होत्या. आणि त्यांची खूण पंधरा वर्षं खरी ठरली होती.

"आनि पत्र तर तुमीच वाचलं," त्या म्हणाल्या. "तुमीच नीट करून दिलं. तवा खरं व्हतं, आता खोटं कसं झालं?"

मी म्हणाले की मी फक्त भाषा बघितली होती. हे वाक्य माझ्याच कानाला फालतू लागलं.

हर्षाली मात्र विचारात पडली होती. "पिवळे पक्षी पुष्कळ घरांत असतील ना ताई?" तिने हळूच विचारलं. "माझं तिकीट आलंय. दवाखान्यात राजीनामा दिलाय. अकरा जणी आहोत आम्ही."

अकरा जणी आहेत हे मला तेव्हा कळलं. मी रावजीला फोन लावला. तो नम्रपणे बोलला, आणि मला अजूनही वाटतं की तो खरंच बोलत होता. "मॅडम, साहेब लय मोठा मानूस हाय. मी सोता पिशवी घेऊन इमानतळापातूर जानार, तिथं पासपोर्ट साहेबांच्या हातात देनार. आनि तुमचं ते लेटर, साहेबांना लय पसंत पडलं. आता समद्या पोरींना त्येच देत्यात. आदीच्या लेटरवर लोक शंका काढायचे. आता कोनी काढत नाय."

पोलिसांत जावं असं मनात आलं नाही असं नाही. चप्पल घालून मी जिन्यापर्यंत गेले. तिथे वाटलं, आपण काय सांगणार? पुरावा म्हणून जे पत्र दाखवायचं, ते कोणी लिहिलंय असं विचारलं तर? माझ्या कॉम्प्युटरवर त्याची फाइल होती. मी भ्यायले. परत वर आले आणि स्वतःला सांगितलं की कदाचित तो दुसराच पक्षी असेल.

जाण्याच्या आदल्या दिवशी हर्षाली शेवटच्या तासाला आली. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर मदतीचा नंबर लिहिला आणि तिच्याकडून तो वीस वेळा म्हणवून घेतला. मग त्याखाली शीटमधले शब्द लिहून दिले. एम्बुस्तेरो, फार्सान्ते, एस्ताफादोर. कुणी अडवलं तर भररस्त्यात हे ओरडायचं, म्हणाले.

"शिव्या शिकवताय मला," ती तोंडावर हात धरून हसली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि हा? गांचो?"

"हा स्वतः काही घेत नाही. हा नुसता म्हणतो की माल चांगला आहे. लोक त्याच्याकडे बघून फसतात. गांचो म्हणजे खरं तर आकडा, ज्यात मासा अडकतो."

"म्हणजे रावजीमामा," ती म्हणाली. मी मान डोलावली. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं.

पाच तारखेला सकाळी नाशकातल्या मुंबई नाक्यावर गाडी उभी होती. अकरा मुली नवीन बॅगा घेऊन रांगेत होत्या. रावजी गाडीच्या दाराशी गळ्यात खाकी कापडाची पिशवी अडकवून उभा होता. जुनीच पिशवी असावी, कोपरे ठिगळलेले होते. प्रत्येक मुलगी पुढे येई, दोन्ही हातांनी पासपोर्ट त्याच्या हातात देई, वाकून नमस्कार करी आणि गाडीत चढे. तो प्रत्येक पासपोर्ट कपाळाला लावून पिशवीत टाकत होता. हर्षालीची पाळी आली तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. सगुणाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे केलं. तिने पासपोर्ट दिला.

सात तारखेला एक मेसेज आला, 'पोचले.' त्यानंतर फोन बंद.

सगुणाबाई पहिले पंधरा दिवस म्हणाल्या, नवीन जागा हाय, लागंल फोन. मग त्या रोज आल्या आल्या विचारू लागल्या, "तुमच्या त्या लोकांना पुसलं का?" मी रोज त्या नंबरवर फोन करत होते. तिथली बाई रोज सांगायची की नाव लिहून घेतलं आहे. रावजीलाही विचारलं. साहेबाचा नंबर लागत नव्हता. दिवाळीनंतर पाड्यावरच्या इतर आया त्याच्या दारात बसू लागल्या, तेव्हा तो पिशवी खुंटीला टांगलेली ठेवून कुठे निघून गेला ते कोणाला माहीत नाही. सगुणाबाई भाकरी थापताना आता काहीच बोलत नसत. मी कामावर बसले की त्या पाठ फिरवून उभ्या राहत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूजाची मेल आली. राहिलेली उदाहरणं आली आहेत, तेवढी करून द्या. मी शीट उघडली. चार ओळी नव्या भरलेल्या होत्या. मी खाली गेले. एकोणचाळीस. शिल. मधला रकाना आता रिकामा नव्हता.

'शहरात एक ताई होती. तिला स्पॅनिश येत होतं. पत्रात चुका होत्या त्या तिने सुधारल्या आणि म्हणाली, आता बरोबर आहे. म्हणून आम्हाला खरं वाटलं. अशा माणसाला इथे काय म्हणतात ते तिनेच मला शिकवलं होतं.'

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'मदतीच्या नंबरवर आलेला फोन. नाव सांगण्याआधी बोलणं तुटलं. पुन्हा संपर्क नाही.'

मी ते तीनदा वाचलं. तिला नंबर पाठ होता. कुठून तरी, कोणाचा तरी फोन मिळवून तिने तो लावला होता. हाताशी मिनिट-दोन मिनिटं असतील, आणि त्यात तिने माझ्याबद्दल सांगितलं होतं. रागाने सांगितलं होतं की नुसतं विचारलं म्हणून, ते इंग्रजीतून कळत नव्हतं. उजवीकडचा रकाना माझी वाट बघत होता. मी त्यात गांचो लिहिलं, मग ती पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये उतरवली. एकही शब्द मऊ केला नाही. मग जूनमधल्या पत्राची फाइल उघडली आणि तिच्या दोन प्रती काढल्या, एक पोलिसांसाठी, एक माद्रिदसाठी.

प्रिंटरच्या आवाजाने सगुणाबाई ओट्यापासून वळल्या. स्क्रीनवरच्या त्या निळ्या-पांढऱ्या चौकटी त्यांनी ओळखल्या. चार महिन्यांनी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं.

"आज कोन घावला, ताई?"

"गॅस बंद करा, सगुणाबाई," मी म्हणाले. "इथे बसा."

त्या पिठाचे हात पदराला पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मी," मी म्हणाले, आणि पहिल्या ओळीपासून त्यांना सगळं वाचून दाखवायला सुरुवात केली.